अमेरिकेत नर्सिंग शिकायचंय : कम्युनिटी कॉलेज घ्यावं की विद्यापीठ?

अमेरिकेतल्या मराठी घरांत नर्सिंगचा विचार सुरू झाला की पहिली शंका बहुधा दर्जाची असते. चार वर्षांची विद्यापीठाची पदवी म्हणजे खरी नर्स आणि कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपल्याकडच्या डिप्लोमासारखं काहीतरी, असा समज घेऊनच चौकशी होते. तो आधी बाजूला ठेवा. रजिस्टर्ड नर्स, म्हणजे आरएन, होण्यासाठी दोघांनाही एनक्लेक्स-आरएन ही एकच परीक्षा द्यावी लागते. परवाना एकच मिळतो आणि नव्या नर्सचं वॉर्डातलं कामही तेच असतं. दोन वर्षांची असोसिएट पदवी, म्हणजे एडीएन, ही काही पळवाटही नाही. मिल्ड्रेड मॉन्टॅग यांच्या संशोधनावरून १९५२ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजने काही ज्युनियर कॉलेजांमध्ये हा अभ्यासक्रम चालवून पाहिला आणि तिथून तो देशभर पसरला.

फरक पुढे पडतो. मोठी रुग्णालयं, विशेषतः उत्तम नर्सिंगसाठीचं 'मॅग्नेट' मानांकन असलेली, भरती करताना चार वर्षांच्या पदवीला, म्हणजे बीएसएनला, झुकतं माप देतात. न्यूयॉर्कमध्ये २०१७ च्या कायद्यानुसार नव्या आरएनला दहा वर्षांत बीएसएन पूर्ण करावी लागते. कॅलिफोर्नियात पब्लिक हेल्थ नर्सचं प्रमाणपत्र बीएसएनशिवाय मिळत नाही, आणि लष्करात नर्स अधिकारी व्हायचं तर बीएसएन हवीच. म्हणजे बीएसएन आज ना उद्या लागणार असं धरूनच चाला. ती आधी एकदम घ्यायची, की आरएन होऊन कमावता कमावता घ्यायची, एवढंच ठरवायचं आहे.

पहिलं पाऊल : व्हिसा आणि रहिवास

कॉलेज निवडण्याआधी हे बघा, कारण फीचे आकडे इथेच बदलतात.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर फाफ्सा अर्ज भरून सरकारी मदत मिळू शकते. एच-४ वर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराला किंवा मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर, ती मिळत नाही. शिकायला मात्र एच-४ पुरतो, त्यासाठी एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागत नाही. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत एच-४ धारकांना रहिवाशाच्या दरानेही फी लागू शकते. तिथे एक वर्ष आणि एक दिवस राज्यात राहिल्याचे पुरावे मागतात : ड्रायव्हिंग लायसन्स, राज्याचं टॅक्स रिटर्न, घराचा करार. हे कागद अ‍ॅडमिशन्स ऑफिसला पहिल्याच सत्रात द्या. एकदा 'नॉन-रेसिडेंट' अशी नोंद झाली की ती बदलून घेण्यात एखादं सत्र जातं आणि तेवढी फी कितीतरी पटीने बसते.

नोकरीचा प्रश्न वेगळा. नर्सिंगचा परवाना हातात असला तरी एच-४ वर काम करायला ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड, लागतं, आणि ते जोडीदाराचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी मालकाने केलेला अर्ज, मंजूर झाल्यावर वगैरे ठरावीक परिस्थितीतच मिळतो. साध्या वॉर्ड नर्सच्या जागेवर एच-१बी मिळणं अवघड जातं, कारण त्या कामाला दोन वर्षांची पदवी पुरते आणि एच-१बीला किमान चार वर्षांची पदवी लागणारं पद हवं असतं. ईएडीची शक्यता जवळपास नसेल तर शिक्षणाच्या शेवटी परवाना भिंतीवर टांगून बसायची वेळ येऊ शकते. त्यामुळे आज व्हिसा कुठल्या टप्प्यावर आहे आणि पाच वर्षांनी कुठे असेल, हे वकिलाला विचारूनच पहिला विषय घ्या.

एच-४ वरच्या मुलांचं आणखी एक आहे. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो. मध्येच एफ-१ वर जावं लागलं तर फी बहुतेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याच्या दराने होते, आणि नर्सिंगच्या पदवीनंतरचं ओपीटी, म्हणजे एफ-१ वर काम करायची मुभा, बारा महिन्यांचंच असतं, स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना मिळणारी) वाढीव मुदत त्याला लागू होत नाही. अशा मुलासाठी वय आणि अभ्यासक्रमाची वर्षं शेजारी शेजारी लिहून बघा.

दुसरं पाऊल : खरी वर्षं मोजा

'दोन वर्षं की चार वर्षं' ही तुलना फसवी आहे. कम्युनिटी कॉलेजच्या नर्सिंगला प्रवेश मिळण्याआधी प्रीरिक्विझिट विषय पूर्ण करावे लागतात : अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायोलॉजी प्रयोगशाळेसह, इंग्लिश कॉम्पोझिशन, बहुतेक ठिकाणी स्टॅटिस्टिक्स आणि सायकॉलॉजीही. त्यातही साखळी असते. केमिस्ट्रीशिवाय बऱ्याच ठिकाणी मायक्रोबायोलॉजी घेता येत नाही, अ‍ॅनाटॉमीशिवाय फिजिऑलॉजी घेता येत नाही. घर सांभाळून सत्राला एकेक शास्त्रविषय घेतला तर चारच विषयांना चार सत्रं, म्हणजे दोन वर्षं लागतात. मग अर्ज. पहिल्या फेरीत नंबर लागला तर सहा महिने थांबायचं, नाही लागला तर एक वर्ष. त्यानंतर नर्सिंगची चार सत्रं. म्हणजे आरएन व्हायला साडेचार ते पाच वर्षं, आणि वर आरएन-टू-बीएसएनचं, म्हणजे आरएन झालेल्यांना बीएसएन देणाऱ्या अभ्यासक्रमाचं, साधारण एक वर्ष.

बारावीनंतर विद्यापीठात थेट नर्सिंगला प्रवेश मिळालेली मुलगी चार वर्षांत बीएसएन घेऊन बाहेर पडते. इथे ज्याला आपण लांबचा रस्ता म्हणतो तो प्रत्यक्षात जवळचा ठरतो.

पण विद्यापीठाच्या बाजूलाही एक सापळा आहे, आणि मराठी पालक त्यात फार अडकतात. प्रवेशपत्रावर 'प्री-नर्सिंग' लिहिलेलं असेल तर नर्सिंगला प्रवेश मिळालेला नाही. पहिली दोन वर्षं तेच प्रीरिक्विझिट विषय करायचे, मग पुन्हा अर्ज करायचा. त्यात नंबर लागला नाही तर दोन वर्षांची विद्यापीठाची फी भरून मुलगी कम्युनिटी कॉलेजच्या रांगेत येऊन उभी राहते, किंवा सायकॉलॉजी, पब्लिक हेल्थ असा विषय बदलते. म्हणून ऑफर आली की नर्सिंग विभागाला ईमेल करून नेमकं विचारा : हा थेट प्रवेश आहे का? असल्यास जागा टिकवायला किती जीपीए (सरासरी ग्रेड) लागतो? नसल्यास गेल्या वर्षी प्री-नर्सिंगच्या किती जणांनी अर्ज केला आणि किती जणांना घेतलं? उत्तर लेखी घ्या. 'आमचे बरेच विद्यार्थी यशस्वी होतात' एवढंच उत्तर आलं तर ती जागा धोक्याची समजा.

तिसरं पाऊल : पैसे

सॅन फ्रान्सिस्को बे एरियाचं उदाहरण घेऊ, कारण तिथे मराठी वस्ती मोठी आहे आणि दोन्ही पर्याय शेजारी आहेत. फ्रीमाँटचं ओलोनी, सॅन होजेचं एव्हरग्रीन व्हॅली, क्युपर्टिनोचं डी अँझा ही नर्सिंग असलेली कम्युनिटी कॉलेजं, आणि सॅन होजे स्टेट हे बीएसएन देणारं राज्य विद्यापीठ. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात रहिवाशाला सत्राच्या एका युनिटला (श्रेयांकाला) ४६ डॉलर पडतात. प्रीरिक्विझिटसह सत्तर युनिट धरली तर ३,२२० डॉलर. डी अँझाला वर्षाची विभागणी क्वार्टरमध्ये असते, तिथे दर ३१ डॉलर दिसतो. तो स्वस्त वाटून फसू नका. क्वार्टरचं दीड युनिट म्हणजे सेमिस्टरचं एक, त्यामुळे हिशेब तोच येतो. कॉलेज बदलताना मात्र हे रूपांतर अंगाशी येतं : क्वार्टरचं चार युनिटचं फिजिऑलॉजी दुसरीकडे तीनपेक्षा कमी भरतं आणि 'किमान चार युनिट' या अटीत बसत नाही.

फीवर वरखर्च येतो : पुस्तकं, गणवेश, बूट, स्टेथोस्कोप, सरावाचं ऑनलाइन पॅकेज, लसी, पार्श्वभूमी तपासणी, ड्रग टेस्ट, परवान्याचा अर्ज, आणि शेवटी एनक्लेक्सचे २०० डॉलर. दीड-दोन हजार वेगळे ठेवा. गाडीही लागते. क्लिनिकल, म्हणजे रुग्णालयातला सराव, सकाळी साडेसहा-सातला सुरू होतं आणि रुग्णालय कॉलेज ठरवतं, तुम्ही नाही.

राज्य विद्यापीठात रहिवाशाची फी वर्षाला आठ-नऊ हजार डॉलरच्या घरात जाते, राहण्या-खाण्याचा खर्च वेगळा. खाजगी विद्यापीठात वर्षाला चाळीस ते साठ हजार. नव्या नर्सचा पगार बहुतेक रुग्णालयांत एडीएन आणि बीएसएनला जवळपास सारखाच असतो, तेव्हा दीड-दोन लाख डॉलरचं कर्ज काढून खाजगी बीएसएन घेणं आमच्या मते चूक आहे. शिष्यवृत्तीने फी निम्म्याहून खाली आली तर गोष्ट वेगळी.

चौथं पाऊल : कॉलेज खरं आहे ना, चांगलं आहे ना

दोन मान्यता तपासा. राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता नसेल तर एनक्लेक्सला बसताच येत नाही. दुसरी राष्ट्रीय मान्यता : एसीईएन, सीसीएनई किंवा सीएनईए या संस्थांपैकी एकीची. ही नसली तरी काही राज्यांत परवाना मिळतो, पण पुढे बीएसएन किंवा मास्टर्सला प्रवेश अडतो आणि काही रुग्णालयं अर्जच घेत नाहीत. सीसीएनई फक्त बॅचलर आणि त्यावरच्या अभ्यासक्रमांना मान्यता देते, म्हणून कम्युनिटी कॉलेजच्या एडीएनवर तिचं नाव दिसलं तर काहीतरी गडबड आहे असं समजा. 'कँडिडेट' हा दर्जा म्हणजे पूर्ण मान्यता नव्हे. हे सगळं कॉलेजच्या पुस्तिकेत न बघता बोर्डाच्या आणि मान्यता देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर बघा. २०२३ च्या जानेवारीत फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांनी विकलेल्या ७,६०० हून जास्त बनावट पदव्यांचं प्रकरण उघड झालं. 'लवकर, हमखास, रांग नाही' असं सांगणाऱ्या जागेपासून दूर राहा.

मग एनक्लेक्सचा निकाल. बहुतेक राज्यांची बोर्डं तो कॉलेजवार जाहीर करतात. पहिल्याच प्रयत्नात पास होणाऱ्यांचं देशाचं प्रमाण अलीकडे नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे. एका वर्षाचा आकडा पाहून ठरवू नका. वीस जणांच्या तुकडीत एक नापास झाला की पाच टक्के उतरतात, म्हणून तीन-चार वर्षांचे आकडे ओळीने बघा.

याहून महत्त्वाचा आकडा लोक विचारतच नाहीत : जितक्यांनी सुरुवात केली त्यातल्या कितींनी वेळेत पूर्ण केलं? समजा साठ जण आत गेले, तीस बाहेर पडले आणि त्यातले एकोणतीस पास झाले. कॉलेज फलकावर सत्त्याण्णव टक्के लावेल. तुमच्यासाठी खरा अर्थ असा की निम्मे विद्यार्थी वाटेतच गळले. कोणतंही कॉलेज या प्रश्नाला टाळाटाळ करत असेल तर यादीतून काढा.

आणि शेवटचं, तुमच्या तीस मैलांतल्या रुग्णालयांच्या नोकरीच्या पानावर 'न्यू ग्रॅज्युएट आरएन' शोधा. 'बीएसएन आवश्यक', 'बीएसएनला प्राधान्य' आणि 'नोकरीनंतर अमुक वर्षांत बीएसएन पूर्ण करावी', या तीनपैकी काय लिहिलंय ते टिपून घ्या. बे एरिया किंवा बॉस्टनसारख्या शहरात पहिला प्रकार जास्त दिसेल. शहरापासून तासभर लांब गेलात, किंवा नर्सिंग होम, डायलिसिस सेंटर बघितलंत, की तोच एडीएन सहज चालतो. सगळा निर्णय या एका तासाच्या शोधाने बदलू शकतो.

पाचवं पाऊल : प्रीरिक्विझिट आणि प्रवेश परीक्षा

भारतातली बीएस्सी किंवा बीफार्म असेल तर गुणपत्रिकांचं विषयवार मूल्यमापन करून घ्या. मुंबई किंवा पुणे विद्यापीठातून अधिकृत ट्रान्सक्रिप्ट निघायला वेळ लागतो, म्हणून ते काम सगळ्यात आधी सुरू करा. इंग्लिश आणि शास्त्रविषय बहुतेक कॉलेजं इथेच पुन्हा करायला लावतात, पण पदवी मान्य झाली तर अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएनचा रस्ता खुला होतो : आधीची कोणतीही बॅचलर पदवी चालते आणि अभ्यासक्रम साधारण बारा ते अठरा महिन्यांचा असतो. अभ्यास अतिशय दाट, सोबत नोकरी जवळपास अशक्य, आणि फी बरेचदा जास्त. घरात लहान मूल असेल आणि मदतीला आजी-आजोबा नसतील तर नीट विचार करा.

शास्त्रविषयांना बऱ्याच ठिकाणी पाच ते सात वर्षांची मुदत असते. आज फिजिऑलॉजी करून मध्ये खंड पडला तर ते पुन्हा करावं लागू शकतं. आणि बी ग्रेडवर समाधान मानू नका. गुणांकन पद्धतीने निवड करणाऱ्या कॉलेजात शास्त्रविषयांतला जीपीए निर्णायक असतो, आणि विषय पुन्हा केला की काही ठिकाणी गुण कापतात.

प्रवेश परीक्षा बहुधा टीज असते, काही ठिकाणी हेसी. टीजमध्ये १७० प्रश्न आणि २०९ मिनिटं, चार भाग : वाचन, गणित, शास्त्र, इंग्लिश. गणितात आपली मुलं फारशी अडत नाहीत, अडतात ती औंस, पाइंट आणि पाउंडात. शास्त्राचा मोठा हिस्सा अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचा असतो, म्हणून ते विषय संपल्यावर लगेच परीक्षा द्या. पुन्हा बसायला किती दिवस थांबायचं आणि कोणता निकाल धरणार, हे कॉलेजागणिक बदलतं. सराव न करता 'बघू तर काय असतं' म्हणून पहिला प्रयत्न वाया घालवू नका, काही कॉलेजं पहिलाच निकाल धरतात.

सहावं पाऊल : लसी आणि तपासण्या, सहा महिने आधी

भारतातून आलेल्यांचं इथे हमखास अडतं. क्लिनिकलला जाण्याआधी क्षयाची तपासणी लागते. लहानपणी बीसीजी घेतलेली असेल तर हातावरच्या त्वचेच्या चाचणीत खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो, मग एक्स-रे, डॉक्टरचं पत्र, तारखा हुकणं. सुरुवातीलाच 'बीसीजी झालेलं आहे, रक्ताची आयग्रा चाचणी करा' असं सांगा. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांच्या जुन्या नोंदी नसतील तर रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी, म्हणजे टायटर, करून घ्या. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या हे तोंडी चालत नाही. हिपॅटायटिस बीच्या नेहमीच्या मालिकेचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात, आणि त्यानंतर टायटर. प्रवेशपत्र आल्यावर सुरू केलंत तर वेळेत बसणार नाही. सीपीआरचं प्रमाणपत्र अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएस घ्या. पूर्ण ऑनलाइन कोर्स कॉलेजं नाकारतात.

आत गेल्यावर कुठे घसरतात

उत्तीर्ण होण्याची रेषा बहुधा ७५ ते ७७ टक्के असते आणि बऱ्याच ठिकाणी पूर्णांक करत नाहीत : रेषा ७५ असेल तर ७४.९ म्हणजे नापास. दोन विषयांत नापास झालं की बहुतेक ठिकाणी बाहेरचा रस्ता. औषधमात्रेच्या गणिताला तर नव्वद ते शंभर टक्के मागतात. नमुना बघा : १,००० मिली सलाइन आठ तासांत द्यायचं, संचाचे थेंब मिलीला १५. मिनिटाला किती? १,००० गुणिले १५ भागिले ४८० मिनिटं, म्हणजे ३१.२५, उत्तर ३१ थेंब. गणित चौथीचं आहे. चुका होतात त्या तासांची मिनिटं करायला विसरण्यात, आणि पाउंडातलं वजन किलोत न बदलण्यात.

खरी अडचण प्रश्नांच्या स्वरूपाची. 'चार रुग्ण आहेत, आधी कोणाकडे जाल?' : शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी वेदना दहापैकी सात असलेला, साखर १८० असून इन्सुलिनची वाट बघणारा, न्यूमोनियाचा रुग्ण जो आत्ताच गोंधळल्यासारखं बोलू लागलाय आणि श्वास मिनिटाला २८, आणि डिस्चार्जसाठी तयार असलेला. चारही माहिती पाठ असलेली मुलगी वेदनेकडे धावते. उत्तर तिसरा रुग्ण, कारण नव्याने आलेला गोंधळ आणि वाढलेला श्वास म्हणजे मेंदूला प्राणवायू कमी पडत असल्याची खूण. आपल्याकडच्या पाठांतराच्या सवयीला हे जड जातं. पहिल्या आठवड्यापासून असे प्रश्न रोज वीस-पंचवीस सोडवा आणि चुकलेल्याचं कारण लिहा. एनक्लेक्सही असाच आहे : किमान ८५, कमाल १५० प्रश्न, पाच तास.

मग काय निवडायचं?

बारावीच्या मुलाला राज्य विद्यापीठात थेट नर्सिंग प्रवेश आणि परवडणारी फी मिळत असेल तर विद्यापीठ घ्या. पुढे नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं पक्कं असेल तरीही विद्यापीठ. ऑफर 'प्री-नर्सिंग' असेल आणि निवडीचं प्रमाण कमी असेल तर तेच विषय कम्युनिटी कॉलेजात स्वस्तात करून दोन्हीकडे अर्ज करा. बॅचलर पदवी आधीच असलेल्यांनी अ‍ॅक्सिलरेटेड आणि एडीएन दोन्हींचे खर्च मांडून बघावेत. घर सांभाळून, खिशातून फी भरून शिकणाऱ्यांना आम्ही कम्युनिटी कॉलेजच सुचवतो, जवळची रुग्णालयं एडीएनला दार बंद करत नसतील तर. भारतात बीएस्सी नर्सिंग किंवा जीएनएम झालेल्यांनी यातलं काहीच सुरू करू नये. आधी राज्याच्या बोर्डाकडे पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं, बरेचदा थेट एनक्लेक्सला बसता येतं.

कम्युनिटी कॉलेज निवडलंत तर बीएसएनची जोडणी पहिल्याच दिवशी शोधा. अ‍ॅरिझोनात मॅरिकोपाची कॉलेजं आणि अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठ यांचा एकत्र अभ्यासक्रम आहे, ऑरेगनमध्ये कम्युनिटी कॉलेजं आणि ओएचएसयू (ऑरेगन हेल्थ अँड सायन्स युनिव्हर्सिटी) यांनी समान अभ्यासक्रम आखलाय. अशी सोय असेल तर एडीएन चालू असतानाच बीएसएनचे विषय घेता येतात. नसेल तर आरएन झाल्यावर ऑनलाइन करा, आणि रुग्णालय फी देतं का ते नोकरी स्वीकारताना विचारा. मालकाने दिलेल्या फीपैकी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची रक्कम करमुक्त असते. करारावर सही करण्याआधी, फीच्या बदल्यात किती वर्षं तिथेच काम करायचं आणि मधेच सोडलं तर किती परत द्यायचं, ही दोन कलमं वाचून घ्या.